ऐन, मत्ती, माट्टी, साज: झाड एकच, नावं राज्यागणिक

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की रस्त्याच्या कडेला काळपट सालीची उंच झाडं दिसायला लागतात. साल अशी भेगाळलेली, की जणू मगरीची पाठच उभी करून ठेवली आहे. खानापूर तालुक्यातला शेतकरी घरात बोलताना याला ऐन म्हणतो. तोच माणूस वखारीत गेला की मत्ती म्हणतो, कारण तिथली पावती कानडीत फाटते. घाट उतरून सत्तरी तालुक्यात गेलं की तेच झाड माट्टी होतं. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जंगलात त्याला साज किंवा साजा म्हणतात, बडोद्याच्या पूर्वेला छोटा उदेपूरकडे आणि डांगात सादड, आणि हैदराबादच्या बाजाराला नल्लमद्दी.

गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ज्याचं नाव येतं ते हेच झाड. शास्त्रीय नाव टर्मिनालिया इलिप्टिका. जुन्या सरकारी कागदांत आणि वनस्पतींच्या पुस्तकांत टर्मिनालिया टोमेंटोसा, टर्मिनालिया क्रेन्युलाटा किंवा टर्मिनालिया अलाटा अशी नावं सापडतात. ती वाचून ही वेगवेगळी झाडं असावीत असं वाटतं, पण आता बहुतेक अभ्यासक ती एकाच जातीखाली धरतात. हिरडा, बेहडा, अर्जुन, किंजळ आणि अंगणातला देशी बदाम ही सगळी ऐनाची भावंडं.

सागवान आणि शिसव यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. ऐनाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही, आणि सह्याद्रीतल्या जुन्या घरांचं छप्पर तर बरेचदा ऐनावरच उभं असतं.

ओळखायचं कसं

पहिली खूण साल. करड्या-काळ्या रंगाची, जाड, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली. ही साल वणव्यातही झाडाला वाचवते. मार्च-एप्रिलमध्ये रान जळून गेल्यावर बाकीची रोपटी काळी पडतात, मोठा ऐन मात्र बुंध्यावर काजळी घेऊन तसाच उभा असतो आणि मेमध्ये पुन्हा पालवतो.

दुसरी खूण पानात. पान लांबट, जाडसर, समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर. ते उलटं करून देठाजवळ पाहिलं तर मधल्या शिरेच्या बाजूला दोन बारीक गाठी दिसतात, चामखिळीसारख्या. अर्जुनाच्या पानालाही अशा गाठी असतात, म्हणून नुसत्या पानावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी खूण फळ, आणि इथे चूक व्हायची नाही. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात. फळ पिकलं की तपकिरी, कागदी होतं आणि वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येतं. अर्जुनाच्या फळालाही पाच कडा असतात, पण त्या अरुंद आणि जाड. किंजळीच्या फळाला तीन पंख, त्यातला एक मोठा आणि दोन छोटे. पावसाळा सरताना डोंगरउतारावर तांबूस-गुलाबी झाक चढलेली झाडं दिसतात ती किंजळीची. ऐनाला असा रंगाचा थाट नाही. मे-जूनमध्ये पांढरट-पिवळसर बारीक फुलांचे तुरे येतात आणि पाऊस लागला की ते कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

अर्जुन ओळखायला तर सालच पुरे. ती गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी असते आणि झाड बहुधा ओढ्या-नदीच्या काठी असतं. कानडीत ऐनाला करी मत्ती म्हणजे काळी मत्ती आणि अर्जुनाला बिळी मत्ती म्हणजे पांढरी मत्ती म्हणतात. तेलुगूत हीच जोडी नल्लमद्दी आणि तेल्लमद्दी. दोन्ही भाषांनी सालीचा रंग पाहूनच नावं दिली आहेत, आणि रानात फिरणाऱ्याला ती शास्त्रीय नावांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

नावांचा घोळ

घोळ खरा सुरू होतो तो ‘असन’ या शब्दापासून. उत्तरेकडे आणि ओडिशाकडे ऐनालाच असन, आसन किंवा असना म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांतला असन मात्र बहुतेक जाणकारांच्या मते बिबळा, म्हणजे बीजासाल. आणि मराठीत असाणा म्हटलं की कोकणातला माणूस तिसऱ्याच, बुंध्यावर काटे असलेल्या झाडाकडे बोट दाखवतो. तीन झाडं, एकच नाव.

हा घोळ पुस्तकातच राहिला असता तर हरकत नव्हती. पण मधुमेहासाठी बिबळ्याच्या लाकडाचे पेले विकले जातात आणि ‘असनाचा पेला’ या नावाखाली काय हाती पडेल याचा नेम नसतो. बिबळ्याच्या लाकडात पाणी ठेवलं तर काही वेळाने त्यावर निळसर झळाळी येते. ऐनाच्या लाकडाने तसं होत नाही. पेल्यातलं पाणी पिऊन डॉक्टरांची गोळी बंद करणं हा वेगळाच धोका आहे. तो पेला खऱ्या बिबळ्याचा असला तरी आहेच.

गुजरातीतही असंच. सादड म्हणजे ऐन आणि अर्जुन सादड म्हणजे अर्जुन. मराठीतही काही भागांत अर्जुनाला सादडा म्हणतात. बडोद्यातल्या मराठी घरात हृदयविकारावरचा काढा म्हणून सादडाची साल मागवली, तर विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात एकच झाड असेल याची खात्री नाही. काढ्यासाठी प्रसिद्ध आहे ती अर्जुनाची साल. ऐनाची सालही गावठी औषधात जुलाबावर आणि जखम धुवायला वापरली जात आली आहे, पण तुरट आहे एवढ्यावरून ती अर्जुनाची जागा घेत नाही.

लाकूड: वजनाला भारी, सुकायला अवघड

ऐन हे कठीण आणि जड लाकूड. वाळलेल्या ऐनाचा एक घनफूट तुकडा साधारण 24 ते 26 किलो भरतो. तेवढंच सागवान 18-19 किलोच्या आसपास. ताजा तोडलेला ऐनाचा ओंडका तर पाण्यात बुडतो.

गाभ्याचं लाकूड तपकिरी, त्यात गडद, जवळजवळ काळ्या रेघा. रंधा मारून तेल लावलं की या रेघा उठून दिसतात. परदेशी बाजारात हेच लाकूड ‘इंडियन लॉरेल’ या नावाने गेलं आणि त्याचे पातळ पापुद्रे काढून महागड्या फर्निचरवर चिकटवले गेले. आपल्याकडे जे लाकूड गोठ्याच्या खांबाला लावतात, ते तिकडे दिवाणखान्यात मिरवत होतं.

घरबांधणीत ऐनाची जागा ठरलेली आहे. खांब, तुळया, आढं, वासे. म्हणजे जिथे भार पडतो तिथे. सालीलगतचं फिकट लाकूड तासून नुसता गाभा वापरला आणि तो पावसात भिजत राहिला नाही, तर कौलारू घराचा वासा दोन पिढ्या सहज काढतो. बैलगाडीच्या साटीला आणि आखाला, भात कांडायच्या मुसळाला, होडीच्या काही भागांना, शेतीच्या अवजारांना ऐन चाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठीही तो वापरला गेला, मात्र औषध मुरवून.

आता त्याचे दोष. सुतार ऐनाचं नाव काढलं की आधी तेच सांगतात. पहिला दोष तडकण्याचा. ऐन सावकाश सुकतो आणि घाई केली की फाटतो. भर उन्हाळ्यात ओंडका उघड्यावर टाकला तर टोकाकडून भेगा आत शिरतात आणि चिरायला घेतल्यावर फळी अर्धीच हाती येते. म्हणून तोड झाल्यावर लाकूड फार दिवस न ठेवता चिरून घ्यायचं, दमट हवेत सावलीत पट्ट्या घालून रचायचं आणि टोकांना मेण, जुना रंग किंवा शेणाचा लेप द्यायचा, अशी रीत आहे. कोकणात ओंडके तळ्यात किंवा चिखलात काही महिने मुरत ठेवायचीही पद्धत होती. तेवढी सवड आता कोणाला नसते, आणि दरवाजाची फळी पिळवटली की दोष लाकडाच्या माथी जातो. खरं तर रुंद फळ्या आणि दाराची झापं हे ऐनाचं कामच नव्हे.

दुसरा दोष हत्यारांचा. ऐनाच्या खोडात कधीकधी चुन्याच्या गाठी सापडतात. झाड जमिनीतून ओढून घेतलेला चुना पोकळीत साठवतं आणि तो दगडासारखा घट्ट होतो. करवत अशा गाठीवर आली की दात बोथट झालाच म्हणून समजायचं. सालीच्या राखेतही चुन्याचं प्रमाण इतकं असतं, की काही आदिवासी भागांत ती राख पानाबरोबर चुन्याऐवजी खातात. खिळा ठोकताना आधी गिरमिटाने भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर खिळा वाकतो किंवा लाकूड उलतं.

तिसरी गोष्ट म्हणजे सालीलगतच्या लाकडाला कीड लवकर लागते. गाभा टिकतो, वरचं टिकत नाही. स्वस्तात मिळालेल्या ऐनाचे वासे चार वर्षांत पोखरले गेले अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा बारक्या झाडांचे गोल वासे वापरलेले असतात. त्यात गाभा थोडा आणि कच्चं लाकूडच जास्त.

जुने वाडे पाडल्यावर निघणाऱ्या लाकडाचा बाजार बेळगाव-कोल्हापूरपासून इंदुरापर्यंत चालतो. त्यात रंग फासलेली ऐनाची तुळई सागवान म्हणून विकली जाण्याचे प्रकार होतात. ओळखायला फार विद्या लागत नाही. एक टोक उचलून पाहावं, ऐन हाताला लगेच जड लागतो. कोपरा खरवडून वास घ्यावा. सागवानाला चामड्यासारखा तेलकट वास येतो, ऐनाला तो नसतो. खरवडलेल्या जागी काळ्या रेघा दिसल्या तर शंका उरत नाही. भार घेण्यासाठी ती तुळई वाईट नाही, फक्त भाव सागवानाचा द्यायचा नाही.

राबासाठी पानं, बागेसाठी पाला

लाकडापेक्षाही जास्त काळ ऐन शेतकऱ्याच्या कामाला आला तो पानांमुळे. कोकणात आणि मावळात भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि डहाळ्यांचा थर देऊन तो पेटवायचा. तण जळतं, माती मोकळी होते, राख मिसळते आणि रोप जोमाने येतं. या कामाला ऐनाच्या डहाळ्या उत्तम समजल्या जात. बांधावरचा आणि वरकस जमिनीतला ऐन म्हणून तोडायचा नाही, दरवर्षी फक्त खवरायचा, असा रिवाज होता. खोडापासून वर फांद्या छाटत नेलेले असे खांबासारखे ऐन आजही रायगड-ठाण्याकडे दिसतात.

ब्रिटिश काळात जंगलं राखीव झाली आणि डहाळ्या तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा राबावरून मोठी खडाजंगी झाली. 1885 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फॉरेस्ट कमिशनपुढे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या ज्या तक्रारी आल्या त्यांत राबाचा प्रश्न ठळक होता. कमिशनचा अहवाल 1887 मध्ये आला. सरकारी वन अधिकाऱ्यांच्या लेखी डहाळ्या तोडणं म्हणजे जंगलाची नासाडी आणि शेतकऱ्याच्या लेखी तोच वर्षाच्या भाताचा आधार. वन खातं आणि गाव यांच्यातला हा वाद पुढेही वेगवेगळ्या रूपांत चालूच राहिला.

घाटापलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात शिरसी, सिद्दापूर, यल्लापूर भागात याच पाल्याची दुसरी व्यवस्था आहे. सुपारीच्या बागायतदाराला बागेला लागून पाल्यासाठी रान राखून दिलेलं असतं, त्याला बेट्ट म्हणतात. मत्ती आणि किंजळ ही तिथली नेहमीची झाडं. पाला काढून तो गोठ्यात अंथरायचा, शेणात मुरवायचा आणि बागेत घालायचा. झाड मुळावर ठेवून पाला घ्यायचा, हा हिशेब कोकणातल्या राबासारखाच. पण जिथे पाला ओरबाडला जातो तिथली बेट्टं उघडी पडलेली आहेत, हेही तिकडे गेल्यावर दिसतं.

ऐनावरचं रेशीम

विदर्भात ऐन म्हटलं की शेतकऱ्याला रेशीम आठवतं. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत टसरच्या अळ्या ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढवल्या जातात. तुतीच्या रेशमासारखं हे काम घरात, तट्ट्यांवर होत नाही. अळ्या उभ्या झाडावर सोडायच्या आणि कोष होईपर्यंत राखण करायची. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या आणि अचानक आलेला पाऊस हे सगळे शत्रू. एका झाडाची पानं संपत आली की अळ्या असलेल्या फांद्या छाटून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. गडचिरोलीत आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजातली अनेक कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मासेमारी आणि कोसा ही त्यांच्या वर्षाची दोन टोकं.

या कोशांच्या धाग्यापासून विदर्भातली करवतकाठी साडी विणली जाते, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. साडीची किंमत ऐकून डोळे विस्फारणाऱ्यांना तिचा धागा जंगलातल्या ऐनावरून आला आहे हे सहसा ठाऊक नसतं. कोसा पिकवणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं, की रानातले ऐन तोडले गेले की पुढच्या हंगामात अळ्या सोडायला जागाच नाही.

गोंड समाजात साजाचं स्थान याहून वेगळं आहे. बडादेवाचा वास साजाच्या झाडात आहे अशी श्रद्धा महाकोशलापासून विदर्भापर्यंतच्या गोंड गावांत आहे, आणि देवस्थान बहुतेक साजाखालीच असतं. अशा झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

समुद्राकाठी ऐनाच्या सालीला वेगळा मान होता. सुती आणि तागाची जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, त्याने जाळ्याला तांबूस रंग चढे. नायलॉन आल्यावर हे काम संपलं. कातडी कमावण्यासाठीही ही साल वापरत. आता रानात साल सोललेला ऐन दिसला तर ते झाड वाळवून नंतर ‘वाळकं लाकूड’ म्हणून नेण्याचा बेत असण्याची शक्यता जास्त.

खोडातलं पाणी

मार्च 2024 मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापीकोंडा राष्ट्रीय उद्यानातला एक व्हिडिओ देशभर फिरला. वन अधिकाऱ्यांनी एका झाडाच्या खोडावर आलेल्या फुगवट्याला छेद दिला आणि नळ सोडावा तसं पाणी बाहेर उसळलं. ते झाड म्हणजे नल्लमद्दी, अर्थात ऐन. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट आधीपासून माहीत होती, अधिकाऱ्यांनी ती त्यांच्याकडूनच ऐकली होती. व्हिडिओ सीमाभागातल्या व्हॉट्सअॅप गटांवरही आला आणि बऱ्याच जणांना हे कुठलं तरी अद्भुत झाड वाटलं. प्रत्यक्षात ते त्यांच्या शेताच्या बांधावर उभं होतं.

उन्हाळ्यात पाणी साठवणं ही ऐनाची ओळखीची खोड आहे, पण प्रत्येक झाडात ते असतं असं नाही. व्हिडिओ पाहून कोयता घेऊन निघण्यात अर्थ नाही. कोरडा निघाला तरी घाव तर पडतोच, आणि त्या जखमेतून बुरशी आत जाते.

झाडाच्या सालीचा आणखी एक उपयोग माणसाला नाही, आमरींना होतो. भेगांमध्ये ओल आणि माती धरली जाते, म्हणून सह्याद्रीत ऐनाच्या फांद्यांवर सीतेची वेणी आणि इतर आमरी हमखास सापडतात. मे-जूनमध्ये आंबोली किंवा भीमगडच्या बाजूला फिरताना फुलांचे गजरे लोंबताना दिसले तर खालचं खोड पाहावं, बरेचदा ते ऐनाचंच निघतं.

मालकीचं झाड, परवान्याचा कागद

‘झाड माझ्या शेतातलं, मग परवानगी कशाला?’ हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंना विचारला जातो. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, बिबळा, किंजळ यांच्याबरोबर ऐनही आहे. म्हणजे मालकीच्या जमिनीतला ऐनही परवानगीशिवाय तोडता येत नाही. कर्नाटकात खासगी जमिनीतल्या झाडांसाठी 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, गोव्यात 1984 चा. दोन्हीकडे अर्ज जातो तो वृक्ष अधिकाऱ्याकडे.

लाकूड राज्याबाहेर न्यायचं असलं तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. पूर्वी प्रत्येक राज्याच्या हद्दीवर नवा कागद लागे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक परवान्याची व्यवस्था सुरू केली, ती एका परवान्यावर माल राज्य ओलांडून जावा यासाठी. पण ज्या जातींना परवान्यातून सूट आहे त्यांची यादी राज्यागणिक वेगळी आहे. म्हणून गाडी भरण्याआधी दोन्हीकडच्या वनक्षेत्रपालांकडे चौकशी करणं शहाणपणाचं.

आणि इथे नाव पुन्हा आडवं येतं. सातबारा आणि पंचनाम्यात ‘ऐन’ लिहिलेलं, पावतीवर ‘मत्ती’ आणि गोव्याच्या नाक्यावर ‘माट्टी’ म्हणून पाहिलं जाणारं लाकूड तीन वेगळ्या जातींचं आहे असा संशय येऊ शकतो. अर्जात स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव लिहून घेतलं तर ही कटकट टळते. टर्मिनालिया इलिप्टिका, कंसात टोमेंटोसा. दोन्ही नावं लिहिलेली बरी, कारण अजून बऱ्याच कचेऱ्यांच्या याद्यांत जुनंच नाव आहे.

कायदा असूनही मालकी रानातला ऐन झपाट्याने जातो आहे. सिंधुदुर्गात आणि खानापूरच्या पश्चिम भागात डोंगरउतार मोकळे करून काजू, रबर किंवा अकेशिया लावण्याकडे कल आहे. सबंध रान एकदम तोडायला दिलं की सागवान, शिसव बाजूला काढले जातात आणि ऐन-किंजळ सरपण आणि कोळशाच्या भावाने जातात. ऐनाचा कोळसा चांगला, जळणही उत्तम, हेच त्याला नडतं. साठ-सत्तर वर्षं वाढलेलं खोड टनाच्या हिशेबाने भट्टीत जातं. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला बंदी घातली ती वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रकरणात. हाच पट्टा पुढे गोव्यातल्या म्हादई अभयारण्याला आणि 2011 मध्ये अभयारण्य झालेल्या खानापूरच्या भीमगडला जोडलेला आहे. कागदावर तीन राज्यं असली तरी रान सलग आहे.

लावायचा असेल तर

रोपवाटिकांत ऐनाची रोपं सहजी मिळत नाहीत, त्याला कारण आहे. फळं भरपूर धरतात पण त्यातली बरीच पोकळ किंवा किडलेली निघतात. शिवाय रोपाचं सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे पिशवीतलं मोठं रोप हलवलं की ते रुसतं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फळं झाडाखाली पडतात. गोळा करताना वजनदार, भरीव फळं निवडायची, पंख कापून टाकायचे, दोन दिवस पाण्यात भिजत घालायची आणि पावसाच्या तोंडावर थेट जागेवरच पेरायची. एका खड्ड्यात चार-पाच बिया टाकाव्यात, त्यातली एखादी तरी उगवते. जागा उन्हाची हवी, मोठ्या झाडाच्या सावलीत ऐन वाढत नाही. जड, ओल धरणारी माती त्याला मानवते.

पहिली काही वर्षं रोप उन्हाळ्यात वरून वाळतं आणि मेलं असं वाटून लोक उपटून टाकतात. पण वरचा शेंडा वाळला तरी मूळ जिवंत असतं. पाऊस पडला की बुडातून नवा कोंब येतो, असं दोन-तीनदा झाल्यावर एका वर्षी तो कोंब टिकतो आणि मग सरळ वर जातो. तोवर गुरं आणि वणवा एवढ्या दोन गोष्टींपासून जागा राखली, कुंपण घातलं आणि भोवतालचं गवत डिसेंबरातच कापून घेतलं की पुरे. तोडलेल्या ऐनाच्या बुडख्यालाही फुटवे येतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे खुडले तर बियांपासून वाढवण्याच्या निम्म्या वेळात वासा होण्याइतकं झाड उभं राहतं.